वेळूवांचून वेणु

संस्कृत कोशांत वेणु ह्या शब्दाचे दोन अर्थ दिलेले आढळतात: एक बांबू आणि दुसरा बासरी. वंश ह्या शब्दाचीही तीच गोष्ट आहे. मराठींत पहिल्या अर्थाला वेळू हा शब्द उरला व दुसऱ्या अर्थाला वेणु राहिला. परंतु दोघे एकाच घरचे आहेत हें सांगावयास वैयाकरण नको. ज्या वाद्याचें नांवच मुळीं त्याच्या द्रव्यावरून पडलें, तें दुसऱ्या कशाचें तरी करावें काय, असें विचारणें आपल्याकडे चमत्कारिकच वाटतें. तरीही हा प्रश्न सातशें-आठशें वर्षांपूर्वीं विचारला गेला होता, तोही महाराष्ट्रांत, आणि त्याचें उत्तर मोठ्या उदारपणें दिलें गेलें होतें. मधल्या काळांत तें उत्तर आपण विसरलों. आज मुंबईच्या उपनगरांत, मरोळसारख्या ठिकाणीं, बासरी शिकूं पाहणाऱ्या मुलापुढें तोच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला आहे. मैफलीच्या वाद्याला बांबूच पाहिजे काय? लांकूड व धातु ह्यांच्या बाहेरचे पदार्थ तेथें चालतील काय? आणि चालत असतील तर निवड कानानें करावयाची कीं डोळ्यांनीं? ह्या प्रश्नाचा इतिहास थोडा विस्तारानें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बांबू हें लांकूड नव्हे. वनस्पतिशास्त्र त्याला गवतांत घालतें. ऊंस, ज्वारी, भात हे त्याचे भाऊबंद. आपल्या अमरसिंहाला हें ठाऊक होतें. त्यानें बांबूच्या पर्यायांत तृणध्वज असा एक शब्द दिला आहे, म्हणजे गवतांचा झेंडा. दुसरा शब्द त्याहून मार्मिक आहे: त्वक्सार. ज्याचें सार सालींत आहे तो. खैराचें किंवा शिसवीचें सार गाभ्यांत असतें, बांबूचें बाहेरच्या कवचांत, आंत पोकळी. बासरी करणाराला बांबूविषयीं जें जाणून घ्यावयाचें तें बहुतेक ह्या एका समासांत आलें आहे. भोकांत वारा शिरून रानांत आपोआप वाजणाऱ्या बांबूंना तर कीचक असें निराळेंच नांव आहे, आणि कालिदासाला त्या नादाचा भारी लोभ होता. तेव्हां लांकूड व धातु सोडून बासरीला तिसरें द्रव्य शोधावें असें जे आज म्हणतात, त्यांना इतकें सांगितलें पाहिजे कीं, आपली बासरी मुळांतच लांकडाची नाहीं आणि धातूचीही नाहीं. युरोपांत जो पर्याय म्हणून पुढें येतो तो आपल्याकडे मूळ पक्ष आहे.

हा मूळ पक्ष शास्त्राच्या तराजूंत घातला गेला तो देवगिरीस. यादवराजा सिंघण ह्याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा विद्वान् होता. त्याचा आजा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेंत आला. बाप सोढल यादवांच्या दरबारीं श्रीकरण खात्याचा, म्हणजे दप्तर व हिशेब ह्यांचा, अधिकारी झाला. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचिला. त्याच्या सात अध्यायांपैकीं सहावा वाद्यांचा आहे, आणि त्यांत वंशाला, म्हणजे बासरीला, पुष्कळ जागा दिलेली आहे. बापाच्या कचेरींतील हिशेबी शिस्त ह्या प्रकरणांत ठिकठिकाणीं डोकावते असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

वंश कशाचा करावा हें सांगतांना शार्ङ्गदेवानें बांबूच्या जोडीला खैर, हस्तिदंत, चंदन, रक्तचंदन, लोखंड, कांसें, रुपें आणि सोनें हीं द्रव्यें घातलीं आहेत. ज्याचें नांवच बांबू तो हस्तिदंताचा चालेल, हा शब्दांतील विरोध त्याला बोंचलेला दिसत नाहीं. पण द्रव्याच्या बाबतींत असा सैल असलेला हा ग्रंथकार आकाराची गोष्ट निघतांच कडक होतो. नळी वाटोळी पाहिजे, सरळ पाहिजे, गुळगुळीत पाहिजे. तिला गांठ नको, चीर नको, घाव नको. आंतील पोकळी करंगळीच्या मापाची पाहिजे. मग भोकांचीं अंतरें अंगुलांनीं मोजून दिलेलीं. फुंकावयाचें भोंक आणि त्याच्या लगतचें तार-स्वराचें भोंक ह्यांमधील अंतर जितक्या अंगुलांचें, त्यावरून त्या बासरीचें नांव पडतें: तीन अंगुलांची ती त्रिपुरुष, चारांची चतुर्मुख, पांचांची पंचवक्त्र, सहांची षण्मुख, सातांची मुनि, आठांची वसु, आणि असें वाढत वाढत अकरांची रुद्र, बारांची आदित्य, चौदांची मनु. देव आणि ऋषि मोजून मापें लक्षांत ठेवण्याची ही युक्ति एखाद्या हिशेबनिसालाच सुचावी!

ह्या सर्व प्रकरणाचा झोंक आम्हांस असा दिसतो कीं, नळी कशाची आहे हा श्रीमंतीचा व सोयीचा प्रश्न, आणि नळी कशी आहे हा संगीताचा प्रश्न. बासरी ही पदार्थाची नसून पोकळीची असते, असें त्यानें शब्दांनीं कोठें म्हटलेलें नाहीं. परंतु त्याची मोजपट्टी हेंच सांगते. हा विचार युरोपांत प्रयोगानें सिद्ध होण्यास विसावें शतक उलटावें लागलें, हें आपण पुढें पाहूं.

व्यवहारांत मात्र बांबूच जिंकला, आणि त्याला दोन कारणें झालीं. एक तर रानांत फुकट उगवणारी, आयती पोकळ, एका टोंकाला पेराच्या गांठीनें आपोआप बंद झालेली नळी टाकून खैराचा ठोकळा कोरीत बसणार कोण? दुसरें कारण भक्तीचें. गाई राखणाऱ्या गोपाळाच्या ओंठीं जी लागली ती रानांतलीच असली पाहिजे. तिचा साधेपणा व तिचा पोकळपणा हाच तिचा मोठेपणा, असा भाव लोकमनांत इतका खोल रुजला कीं, हस्तिदंताच्या व सोन्याच्या बासऱ्या पोथींतच राहिल्या. देव्हाऱ्यांतल्या बाळकृष्णाच्या हातीं आपण चांदीची बासरी खुशाल देतों, पण ती वाजवावयाची नसते.

युरोपांत गोष्ट उलट्या क्रमानें घडली. तेथील बासरी लांकडाची. तेव्हां लांकडाचे दोष, म्हणजे ओलाव्यानें फुगणें, कोरड्या हवेनें आटणें आणि ऐन वेळीं तडकणें, हे प्रत्येक पिढीच्या वादकांना छळीत आले. अठराव्या शतकांत श्रीमंत लोक हस्तिदंताच्या बासऱ्या बाळगीत. चिनी मातीच्याही कांहीं झाल्या, पण त्या कपाटांत शोभण्यापलीकडे फारशा उपयोगी पडल्या नसाव्यात. खरी धाडसाची उडी घेतली ती पॅरिसच्या क्लोद लोरां ह्या कारागिरानें. त्यानें १८०६ सालीं कांचेच्या बासरीचा परवाना मिळविला. कांच फुगत नाहीं, आटत नाहीं, थुंकीनें कुजत नाहीं, हा त्याचा मुद्दा होता, आणि तो रास्त होता. त्याची १८१३ ची एक स्फटिकासारखी बासरी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन ह्यांस भेट म्हणून गेली. पुढच्याच वर्षीं इंग्रजांनीं वॉशिंग्टनचा राजवाडा जाळला, तरी ती वांचली. आज ती तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आहे, आणि २०२२ सालीं एका लोकप्रिय गायिकेनें ती भर मैफलींत हातीं घेऊन वाजवून दाखविली तेव्हां दोनशें वर्षांच्या त्या कांचेंतून स्वर नीट निघाला.

पुढें म्यूनिकच्या थिओबाल्ट बोएमनें १८४७ सालीं सरळ नळकांड्याची धातूची बासरी काढली व तिच्यावर चाव्यांची यंत्रणा बसविली. तिचीच आवृत्ति आज जगभर वाद्यवृंदांत चालते. ह्याच शतकाच्या उत्तरार्धांत रबराला गंधक देऊन कठीण केलेला एबोनाइट हा पदार्थ निघाला आणि लंडनच्या कारखान्यांनीं त्याच्या काळ्या, चकचकीत बासऱ्या विकावयास आणल्या. लांकडाला न सोसणारी हवा ह्या पदार्थाला सोसत असे. अलीकडे फिनलंडमध्यें कर्बतंतूंच्या बासऱ्या बनतात. त्या चांदीच्या मानानें फारच हलक्या असून थंडींत ओंठाला गार लागत नाहींत. हिंवाळ्याच्या देशांत ह्या शेवटच्या गुणाचें मोल आपणांस कळणें कठीण आहे.

आतां आपण मुंबईस येऊं. आपल्या बासरीला मैफलींत मानाचें आसन मिळालें तें विसाव्या शतकांत, आणि तें मिळवून दिलें बारिसालच्या पन्नालाल घोष ह्यांनीं. त्यांचा जन्म १९११ चा. १९४० सालीं ते मुंबईस आले. चित्रपटांना संगीत दिलें. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा १९४२ चा 'बसंत' हा त्यांच्याच नांवावर आहे. परंतु त्यांचें खरें कार्य दुसरेंच. तोंवरची बासरी आंखूड व उंच स्वराची. गाण्याच्या मागें, नाचाच्या मागें, किंवा नाटकांत पहांट झाली हें सांगण्यापुरती तिची योजना. ख्यालाची आलापी, खर्जाचें गांभीर्य, एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश ओघळणारी मींड, हें सारें त्या नळींत मावत नसे. पन्नालालांनीं ठरविलें कीं नळी मोठी केली पाहिजे.

आणि येथेंच द्रव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांनीं बांबूवर आंधळा विश्वास टाकला नाहीं. धातु घेऊन पाहिला, निरनिराळीं लांकडें घेऊन पाहिलीं, आणि मग मोठ्या वाद्याला बांबूच योग्य असा निर्णय घेऊन सुमारें बत्तीस इंचांची बासरी कायम केली. तीव्र मध्यमासाठीं त्यांनीं सातवें भोंकही पाडलें. हा इतिहास आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बांबू पवित्र म्हणून त्यांनीं घेतला असता तर आज आपणांस त्याविषयीं वाद घालण्यास जागाच उरली नसती. त्यांनीं तो परीक्षा घेऊन घेतला.

बांबू ह्या परीक्षेंत कां उतरला असावा, ह्याचा विचार केला तर कारणें अगदीं घरगुती आहेत. बत्तीस इंचांची लांकडी नळी जाड भिंतीची करावी लागते. ती जड होते आणि तेवढें लांब छिद्र सरळ पाडणें हें कष्टाचें काम. तेवढीच धातूची नळी लवकर तापते, लवकर निवते, आणि श्वासाची वाफ आंत थिजून पाणी गळूं लागतें. हस्तिदंताचा तर सरळ, अखंड, बत्तीस इंचांचा तुकडा मिळावा कोठून? उलट ईशान्येकडील बारीक सालीच्या बांबूचें एक पेर एवढें लांब, रुंद पोकळीचें आणि विलक्षण हलकें असतें. वादकाला तें तासन् तास आडवें धरून बसावयाचें असतें, हें विसरतां कामा नये. शिवाय आपण भोकें चाव्यांनीं झांकीत नाहीं, बोटांच्या पेरांनीं झांकतों. मींड निघते ती बोट हळूहळू सरकवून भोंक उघडतांना. तापलेल्या सळईनें पाडलेलें, कडा किंचित् गोलावलेलें बांबूचें भोंक बोटाखालीं मऊ लागतें. पाश्चात्य बासरी व आपली बासरी ह्यांतील खरी सीमा आमच्या मतें चांदी आणि बांबू ह्यांच्यामधून जात नाहीं. ती चावी आणि बोट ह्यांच्यामधून जाते.

ह्या कारणांत नादाचें नांव आम्हीं मुद्दामच घेतलें नाहीं. बांबूचा नाद गोड, चांदीचा तेजस्वी, सोन्याचा भरदार, हें आपण सर्वजण ऐकत आलों आहों, आणि ऐकतां ऐकतां आपणांसही तसें ऐकूं येऊं लागतें. डेटन मिलर हा अमेरिकन पदार्थविज्ञानी बासऱ्यांचा मोठा भक्त. सुमारें सतराशें बासऱ्या त्यानें जमविल्या आणि एक सोन्याची स्वतः घडविली. मॅडिसनची कांचेची बासरीही त्याच्याच संग्रहांतून ग्रंथालयास गेली. त्यानें १९०९ सालीं पातळ पत्र्याच्या ऑर्गनच्या नळीभोंवतीं पाणी भरून नाद बदलतो असें दाखविलें, आणि द्रव्याचा परिणाम होतो असा पक्ष मांडला. सोन्याची बासरी घडविणाऱ्यानें दुसरा कोणता पक्ष मांडावा? पुढें १९७१ सालीं जॉन कोल्टमन ह्यानें तीन बासऱ्या घेतल्या, एक पातळ चांदीची, एक जाड तांब्याची, एक लांकडाची. आंतील मापें सारखीं ठेवलीं आणि वाजविणारांस व ऐकणारांस कोणती कोणती हें कळूं दिलें नाहीं. कोणालाही ओळखतां आलें नाहीं. २००१ सालीं व्हिएन्ना येथें एकाच घाटाच्या सात बासऱ्यांवर, चांदीच्या मुलाम्यापासून प्लॅटिनमपर्यंत, अशीच परीक्षा झाली, निकाल तोच.

ह्याचें कारण असें कीं बासरींत कंप पावतो तो हवेचा स्तंभ, भिंत नव्हे. वीणेचा भोपळा किंवा तबल्याची पुडी जशी स्वतः थरथरते तशी बासरीची भिंत थरथरत नाहीं. ती फक्त हवेला वाट व मर्यादा देते. गोल आणि पुरेशा घट्ट नळीची भिंत जो कंप घेते तो इतका क्षीण कीं कानापर्यंत पोंचत नाहीं. नाद ठरतो तो फुंकेच्या भोंकाच्या कडेवर, त्या भोंकाच्या खोलीवर, पोकळीच्या रुंदीवर, आंतील भिंतीच्या गुळगुळीतपणावर, भोकांच्या जागांवर, आणि ह्या सर्वांहून अधिक वाजविणाऱ्याच्या ओंठांवर. द्रव्याचा संबंध येतो तो असा अप्रत्यक्ष: कोणत्या द्रव्याला किती तीक्ष्ण कड देतां येते, तें किती काळ आपलें माप राखतें, आणि श्वासाचा ओलावा तें शोषतें कीं त्याचे थेंब करतें. शार्ङ्गदेवाची मोजपट्टी आणि व्हिएन्नाची प्रयोगशाळा एकाच बाजूस येऊन बसलेल्या पाहून आम्हांस थोडा आनंद झाला, तो आम्ही लपवीत नाहीं.

आतां मरोळ. अंधेरीच्या पूर्वेचें हें गांव वरवर पाहणारास कारखाने, इमारती व वाहनांची दाटी ह्यांपलीकडे कांहीं दाखवीत नाहीं. पण वाद्यांच्या द्रव्याचा इतिहास ज्याला पाहावयाचा असेल त्याला येथें एका फेरींत पुष्कळ सांपडेल. उत्तरेस मरोळ-मरोशीपासून आरेच्या रानांत वारल्यांचे पाडे आहेत. वारल्यांचें वाद्य तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, त्यांत बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, शेवटीं ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजविण्यास मेण: लांकूड नाहीं, धातु नाहीं. मैफलीची बासरी ज्या पर्यायांचा आज विचार करते त्यांपैकीं भोपळा व पान हे पर्याय ह्या रानांतल्या लोकांनीं केव्हांच पचविले. अर्थात् तारपा जिभाळीचें वाद्य आहे, बासरी नव्हे. पण द्रव्याबद्दलचा त्यांचा निःसंकोचपणा शिकण्यासारखा आहे.

दुसरीकडे मरोळचे जुने ख्रिस्ती रहिवासी, ईस्ट इंडियन. त्यांच्या पूर्वजांचें देऊळ कोंडिवट्यास १५७९ सालीं पोर्तुगीजांनीं बांधलें. सांथीमुळें १८४० सालीं वस्ती तें सोडून मरोळास आली, आणि त्या देवळाचे भग्न अवशेष आज निर्यात-कारखान्यांच्या कुंपणांत उभे आहेत. ईस्ट इंडियनांच्या लग्नांत घुमट वाजे. मातीचें मडकें आणि त्याच्या तोंडावर घोरपडीचें कातडें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीस अभय दिलें आणि घुमटाला बकऱ्याच्या कातड्यावर यावें लागलें. जुने लोक कुरकुरले. घुमट मात्र मेला नाहीं. गोव्यानें तर २०१९ सालीं त्याला राज्याचें वारसा-वाद्य म्हणून गौरविलें. हस्तिदंताची गोष्ट त्याच कायद्यानें व १९८६ च्या दुरुस्तीनें संपली. पाश्चात्य बासरीचें जें काळें आफ्रिकी शिसवी लांकूड, त्याच्या व्यापारावरही २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलें. तयार वाद्यांना २०१९ सालीं सूट मिळाली. शार्ङ्गदेवाच्या यादींतून द्रव्यें गळतात तीं रसिकांच्या मतानें नव्हे, तर कायद्यानें व टंचाईनें, ही गोष्ट नमूद करून ठेवण्यासारखी आहे.

आणि ह्या दोन्ही वस्त्यांच्या मध्यें औद्योगिक वसाहत. तिच्या आसपासच्या दुकानांत नळकामाची पीव्हीसीची पांढरी नळी फुटावर कापून मिळते. त्या नळीची बासरी होते. ती पुष्कळांनीं केली आहे, आणि चांगली केली तर ती स्वरांत वाजते. पांढऱ्या नळीची ही बासरी घेऊन शिकावयास गेलेल्या मुलाला हंसून परत पाठविण्याची रीत आपल्याकडे आहे. ती आम्हांस बरी वाटत नाहीं. ज्याच्या घरीं चांगल्या बांबूच्या मैफली बासरीचे पैसे नाहींत त्याला आपण नादाच्या नांवाखालीं परत पाठवितों, आणि तो नाद तर डोळे मिटल्यावर आपणांसही ओळखतां येत नाहीं.

तथापि प्लॅस्टिकची वकिली करण्याचाही आमचा हेतु नाहीं. तिचे दोष खरे आहेत. नळकामाच्या नळ्या ठराविक रुंदीच्याच निघतात, त्यामुळें पाहिजे त्या पट्टीला पाहिजे ती पोकळी मिळत नाहीं. मोठ्या बासरीस ती जड होते. आंतील भिंत पाणी मुळींच शोषीत नाहीं, म्हणून अर्ध्या तासानें थेंब भोंकापाशीं येऊन स्वर बुजवितात. उन्हांत राहिली तर ती वांकते. टोंकाचें बूच निराळें बसवावें लागतें, आणि तें एक रेघभर सरकलें तरी सप्तकांचा मेळ बिघडतो. गुण एवढेच कीं मुंबईच्या पावसाळ्यांत ती फुगत नाहीं, वातानुकूलित सभागृहांत तडकत नाहीं, आणि एक चांगली साधली कीं तशीच दुसरी करतां येते. बांबूचें नेमकें ह्याच्या उलट. त्याचें प्रत्येक पेर निराळें, कोठें लंबगोल, कोठें निमुळतें; कारागीर एकेक भोंक कानानें वाढवीत जातो आणि त्याचें खरें कसब तेंच. चिरूं नये म्हणून दोऱ्याचे वेढे, सुकूं नये म्हणून तेल, ही बडदास्त जन्मभर ठेवावी लागते.

हवेच्या उष्णतेनें पट्टी चढते-उतरते, तिला मात्र कोणतेंच द्रव्य अडवूं शकत नाहीं, कारण तापते ती आंतली हवा. उष्णता एक अंश वाढली कीं अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकीं सुमारें तीन भाग पट्टी चढते. म्हणजे बाहेरच्या उकाड्यांतून दहा अंशांनीं गार केलेल्या सभागृहांत गेलेली बासरी अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानें उतरते. बांबूला दोष देणारांनीं आणि प्लॅस्टिकची तारीफ करणारांनींही हा हिशेब जवळ बाळगावा.

निवड करणारास आम्ही सांगूं तें असें. पहिल्यानें परंपरा ठरवावी: पन्नालालांच्या घरीं सात भोकें, आणि मरोळहून थोड्याच मैलांवर जुहूस ज्यांचें वृंदावन गुरुकुल आहे त्या पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या शैलींत सहा. मग बासरी दुसऱ्याच्या हातीं देऊन आपण पाठ करून ऐकावें. मंद्र पंचमावर श्वास किती खर्च होतो तें पाहावें, तार सप्तक ताणल्याशिवाय येतें कीं नाहीं तें पाहावें, षड्जाचीं दोन्ही रूपें तंबोऱ्याशीं जुळवून पाहावीं. फुंकेच्या भोंकाची आंतली कड नखानें चांचपावी. एवढ्यावर जी उतरेल ती घ्यावी. मग ती गवताची असो, रबराची असो वा नळकामाची. शिकाऊ मुलानें पहिलीं दोन वर्षें पांढऱ्या नळीवर घालविलीं तर बोटें बिघडत नाहींत. बेसूर बांबूवर मात्र कान बिघडतो, आणि बाजारांत तसला बांबू थोडाथोडका नसतो.

राहिला प्रश्न चांगल्या बांबूचा. महाराष्ट्रांत बांबू उदंड आहे. १९२७ च्या वनकायद्यानें त्याची गणना झाडांत केली होती, त्यामुळें तो तोडणें व वाहून नेणें हा गुन्हा होई. गडचिरोलींतील मेंढा-लेखा गांवानें झगडून २०११ सालीं आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपणच देण्याचा हक्क मिळविला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनें रानाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या यादींतून निघाला. अमरसिंहाचा तृणध्वज कायद्यांत शिरावयास इतका काळ लागला. पण गडचिरोलीचा मानवेल जवळजवळ भरींव, त्याचीं पेरें आंखूड. कोंकणचा माणगाही तसाच. छपराला, टोपलीला, काठीला ते उत्तम, बासरीला निरुपयोगी. तिचा वेळू येतो आसामांतून, सिलचरच्या बाजूनें. पिलीभीतचे पिढीजात बासरीवाले देखील तोच आणवितात. तो तोडून महिनोगणती सावलींत सुकवावा लागतो, आणि सुकतां सुकतां त्यांतले कित्येक तडकून चुलींत जातात. उरलेल्यांतून बत्तीस इंचांच्या मोठ्या बासरीस पुरेल असें सरळ, सारख्या पोकळीचें पेर थोड्याच नळ्यांत सांपडतें. तें ज्याला सांपडतें तो कारागीर तें बाजूस काढून ठेवतो आणि गिऱ्हाईक कोण आहे तें पाहून मगच बाहेर काढतो.